ज्येष्ठांसोबत भरतनाट्यम् आणि कथक : काय बसवावं, खुर्चीत बसून काय शिकवावं?

सुपारीबाग (रत्नागिरी तालुका)

आमच्या नृत्यवर्गातली बारा ते सतरा वयाची अकरा मुलं (सहा भरतनाट्यम्, पाच कथक) १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघात आणि पुढच्या आठवड्यात एका वृद्धाश्रमात जाणार आहेत. नाचून दाखवायचं, टाळ्या घ्यायच्या आणि परत यायचं, एवढ्यावर मुलांना थांबायचं नाही. आजी-आजोबांच्या हातातही थोडं नृत्य यावं अशी त्यांची मनापासून इच्छा आहे.

जागा देवळाचा सभामंडप. खाली गुळगुळीत लादी, वर पत्रे. माणसं तीसेक, बहुतेक सत्तरीच्या पुढची. तिघांचे गुडघे बदललेले, काहींना कमी ऐकू येतं, बऱ्याच जणांना बीपी आणि साखर. वृद्धाश्रमात स्मृतिभ्रंश असलेलेही पाच-सहा जण आहेत.

कोणत्या रचना घ्याव्यात आणि किती वेळ? खुर्चीत बसून नक्की काय शिकवता येतं? आणि ऐन वेळी लाईट गेली तर काय करायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

अर्धमंडली (कुडाळ)

ताई, आधी वेळेचं बोलते. बघण्याचा भाग पंचवीस मिनिटांच्या वर नेऊ नका. त्यानंतर वीस मिनिटं सगळ्यांनी मिळून करायचं, मग चहा आणि गप्पा. वर्णम् घेऊच नका. अर्ध्या तासाच्या पुढे जाणारी रचना ती, शब्द कळले नाहीत तर समोरच्याची पाठ आधी दुखायला लागते. वार्षिक कार्यक्रमासाठी बसवलेलं जसंच्या तसं उचलून नेणं ही इथली सगळ्यात नेहमीची चूक.

भरतनाट्यम्च्या मुलांनी तिस्र जातीतलं (तीन मात्रांच्या गटांचं) अलारिपू, म्हणजे सुरुवातीची छोटी रचना, घ्यावं, तीन-चार मिनिटांत होतं. डोळे, मान, खांदे, मग हात-पाय असं एकेक अंग उघडत जातं, त्यामुळे हा नाच पहिल्यांदा बघणाऱ्यालाही त्यातला क्रम दिसतो. मग दशावताराचा श्लोक आणि पदम्च्या (अभिनयाच्या पदाच्या) जागी एखादा ओळखीचा अभंग. तिल्लाना, म्हणजे समारोपाची वेगवान रचना, हवाच असेल तर शेवटची दोन मिनिटं.

दशावतारावर जरा थांबते, कारण आपल्याकडे याच्याइतका जवळचा दुवा नाही. ही पिढी जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक बघत मोठी झाली, रत्नागिरीकडे नमन-खेळे. गोष्ट त्यांना मुलांपेक्षा जास्त पाठ आहे, हातांची भाषा तेवढी नवी. ‘अभिनयदर्पण’ या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात दहाही अवतारांचे हस्त, म्हणजे हातांच्या मुद्रा, सांगितलेले आहेत. त्यातला मत्स्य सगळ्यात सोपा : एका हाताच्या पाठीवर दुसऱ्याचा तळवा पालथा ठेवायचा, दोन्ही अंगठे बाहेर काढून हलवायचे. सुरुवात त्यानेच करा, पहिल्याच मिनिटाला सगळ्यांना जमतो आणि मंडपात हसू फुटतं. वामनाला दोन्ही मुष्टी, एक वर आणि एक खाली. रामाला उजवा कपित्थ (उभ्या अंगठ्यावर तर्जनी वाकवलेली) आणि डावा शिखर (मूठ करून अंगठा उभा), म्हणजे बाण आणि धनुष्य. कृष्णाला दोन्ही मृगशीर्ष (अंगठा आणि करंगळी ताठ, मधली तीन बोटं पुढे वाकवलेली) तोंडाजवळ. परशुरामाला डावा हात कमरेवर आणि उजवा अर्धपताक (अनामिका आणि करंगळी वाकवलेली). हा हस्त नीट सावकाश दाखवा. चिपळूणजवळ परशुरामाचं देऊळ आहे, कोकणची भूमीच त्याची मानतात, तिथे लोक सावरून बसतात.

एक तयारी हवी. ‘अभिनयदर्पणा’च्या यादीत रामानंतर बलराम, कृष्ण आणि कल्की येतात, बुद्ध नाही. ‘गीतगोविंद’ लिहिणाऱ्या जयदेवाच्या दशावतारात मात्र बलराम आणि बुद्ध दोघेही आहेत, कारण तिथे कृष्ण हाच दहा रूपं घेणारा. ‘बुद्ध खंय गेलो?’ असं कोणी विचारलं तर मुलांना उत्तर देता आलं पाहिजे.

शिकवताना अठ्ठावीस असंयुत (एका हाताच्या) हस्तांची यादी म्हणून दाखवू नका. सहा पुरे : पताक (बोटं सरळ जुळवलेली, अंगठा वाकवलेला), शिखर, अलपद्म (बोटं पसरून उघडलेली), मुकुल (पाचही बोटांची टोकं जुळवलेली) आणि जोडहातातले अंजली व मत्स्य. पताकाने दार उघडतं, नदी वाहते, थांब म्हणता येतं. मुकुलाने फूल, घास, दाणा. अलपद्म उमललेलं कमळ. एवढ्यात एक छोटी गोष्ट पूर्ण होते. प्रत्येक हस्त आधी संगीताशिवाय, मग शब्दांवर, मग तालात. हा क्रम मोडला की मागे बसलेले पहिल्या मिनिटाला सुटतात आणि मग नुसते बघत राहतात.

शिकवणाऱ्या मुलीने समोर तोंड करून आरशासारखं करावं. तोंडाने ‘उजवा’ म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा. घरी दहा वेळा सराव केल्याशिवाय हे जमत नाही, सांगून ठेवते. मुलं गडबडली की आख्खा मंडप गडबडतो.

निवेदन नाचणाऱ्यांनीच करावं, आपल्या बोलीत. सिंधुदुर्गात ‘ह्यो बघा मासो’ म्हटलं की अर्धं काम झालं. आणि ‘हा मद्रासी नाच ना?’ असं कोणी म्हटलं तर सांगायला एक चांगली गोष्ट आहे : तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं, दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८ ते १८३२) काळात तिथे नाचासाठी मराठीत निरूपणं, म्हणजे एका विषयावर सलग गुंफलेल्या रचना, रचली गेली. आज आपण ज्या क्रमाने रचना करतो तो क्रम लावणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊही त्याच दरबाराशी जोडलेले. मराठी शब्दांवर भरतनाट्यम् करणं म्हणजे नवी उसनवारी नाही.

तत्कार१६ (देवरुख)

कथकच्या पाच जणांसाठी. तीनतालात (सोळा मात्रांचा ताल) छोटी आमद (प्रवेशाची रचना), दोन तुकडे (तालात बांधलेले छोटे बोल), एक कवित्त (तालात म्हटलेली कविता) आणि गतभावात (शब्दांविना अभिनयाने गोष्ट दाखवणं) मटकी किंवा बासरी, बस्स. चक्कर तीनच्या पुढे नकोत. एकवीस-सत्तावीस चक्करांना गुळगुळीत लादी घातक असतेच, शिवाय वेगाने फिरणारं बघून काही वृद्धांनाही गरगरतं.

मिळून करायच्या भागात तत्कार (कथकमधले पायांचे मूळ ठोके) घ्या, पण पायाने नको, मांडीवर हाताने :

ता थेई थेई तत् – उजवा डावा उजवा डावा
आ थेई थेई तत् – डावा उजवा डावा उजवा

चूक होते ती चौथ्या आणि पाचव्या मात्रेच्या सांध्यावर. चौथीला डावा पडतो आणि पाचवीला पुन्हा डावाच. लोक सवयीने उजवा टाकतात आणि तिथून सगळं उलटं होतं. ‘डाव्यावर दोनदा’ एवढंच तोंडी सांगत राहा. आठवी आणि पुढची पहिली या दोन्ही उजव्यावर, तिथेही तेच. दोन-तीन आवर्तनांत बसतं.

आपल्याकडच्या आजोबांपैकी निम्मे तरी भजनात टाळ वाजवलेले निघतात. त्यांना ताल शिकवावा लागत नाही, नाव सांगावं लागतं. तीनतालाच्या टाळ्या १, ५ आणि १३ वर, खाली (टाळी न देता हाताने दाखवायची मात्रा) ९ वर. खालीला तळवा उलटा करा म्हटलं की लगेच धरतात. मग त्यांना तिहाई द्या, याच्यासारखा आनंद दुसऱ्या कशाने होत नाही : खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, ‘ता थेई तत्’ तीनदा, मध्ये न थांबता. ९-१०-११, १२-१३-१४, १५-१६ आणि शेवटचा ‘तत्’ बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. त्या ‘तत्’ला सगळ्यांची एकच टाळी. समेच्या आधी कोणी घाई केली तर लय वाढवू नका, उलट थोडी उतरवा.

लय मिनिटाला साठ मात्रांच्या आसपास ठेवा, घड्याळाच्या टिकटिकीएवढी. मुलांना ती फार संथ वाटते आणि ती नकळत ऐंशीवर जातात, म्हणून एकाने फक्त लय सांभाळावी. इथे रेकॉर्ड केलेलं संगीत अडचणीचं. कोणी मागे राहिलं तरी ते थांबत नाही. गावच्या भजनी मंडळातला पखवाजवाला किंवा तबलजी बोलवा, तो समोरच्यांकडे बघून वाजवेल. अभंग म्हणताना सूर वर्गात ठेवता त्यापेक्षा एक-दोन स्वर खाली घ्या. वयाने आवाज उतरतो, उंच पट्टीत आजी नुसते ओठ हलवतात.

लाईटचं : ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारनंतर गडगडाट होऊन पाऊस येतो आणि वीज जाते, हे धरूनच चाला. पढंतीला, म्हणजे बोल तोंडाने म्हणायला, वीज लागत नाही. प्रत्येक रचना तोंडी बोलांवर आणि टाळीवर करता येईल अशी तयारी ठेवा, निदान एकदा तरी तसा पूर्ण सराव करा. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला तर मात्र आवाजाशी भांडू नका. अभिनय थांबवून मांडीवरचं तत्कार सुरू करा, पावसात तेवढं पोचतं.

सांधा_सांभाळा (चिपळूण, फिजिओथेरपी)

वरचं सगळं पटलं. शरीराच्या बाजूने काही गोष्टी अगदी काटेकोर पाळाव्या लागतील.

खुर्ची हातांची हवी, चाकांची नको, बैठक साधारण अठरा इंच उंच. दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत, टेकत नसतील तर खाली लाकडी पाट द्या. प्लॅस्टिकच्या जुन्या खुर्च्या उन्हात राहून ठिसूळ झालेल्या असतात आणि लादीवर त्यांचे पाय फाकतात. प्रत्येक खुर्चीवर आधी मोठ्या माणसाने बसून बघावं. मागची रांग भिंतीला टेकवा.

हात खांद्याच्या वर न्यायला लावू नका. साखरेच्या रुग्णांत खांदा आखडलेला असणं फार नेहमीचं आहे, आणि हात बराच वेळ डोक्यावर धरले की हृदयावरही ताण येतो. कमळ डोक्यावर उमलण्याऐवजी छातीसमोर उमललं तरी ते कमळच राहतं. बोटांचं सांगायचं तर त्रिपताकात अनामिका एकटी वाकवताना मधलं बोटही सोबत येतं, कारण त्यांचे स्नायुबंध एकमेकांना जोडलेले असतात. ते जमत नाही म्हणून कोणाचं बोट धरून वाकवू नका. ‘ट्रिगर फिंगर’ असलेल्यांना मुष्टी घट्ट आवळायला सांगू नका, बोट मिटलेल्या जागी अडकतं आणि सुटताना दुखतं. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर शिखराचा अंगठा अर्धाच उभा राहील. राहू दे.

मानेबाबत सगळ्यात जास्त जपा. नऊ शिरोभेदांपैकी (डोक्याच्या हालचालींपैकी) सम (डोकं स्थिर), अधोमुख (खाली), हलकं उद्वाहित (वर) आणि सावकाश केलेलं धुत (डावी-उजवीकडे) एवढेच घ्या. आलोलित, म्हणजे डोकं गोल फिरवणं, अजिबात नको, त्याने चक्कर येते. अलारिपूतली मान सरकवण्याची हालचाल त्यांना फक्त बघू द्या. दृष्टिभेद मात्र छान चालतात : डोकं स्थिर, डोळे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, चार वेळा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी खाली वाकायचं नाही.

पायाला अडवूसारखा (भरतनाट्यम्मधल्या पाय आपटून करायच्या मूळ हालचालींसारखा) आघात नको. टाच टेकलेली ठेवून चवडा उचला-टेकवा, मग चवडा टेकून टाच. गुडघा बदललेल्यांना एवढं चालतं. खुब्याचा सांधा बदलला असेल तर पायावर पाय नाही आणि पुढे खोल वाकणं नाही. चार आवर्तनं झाली की एक मिनिट थांबा. हालचाल करताना बोल मोठ्याने म्हणायला लावा, म्हणजे श्वास रोखला जात नाही. शेवटी लगेच उभं राहू देऊ नका. दोन मिनिटं बसून चवडे हलवले की मग उठायचं, नाहीतर रक्तदाब एकदम उतरून तोल जातो.

इन्सुलिन घेणाऱ्यांचं खाणं कार्यक्रमामुळे पुढे ढकललं जाऊ नये. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर माणूस शुद्धीत आणि गिळू शकत असताना तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि मदत बोलवा. छातीत दुखणं, धाप लागणं, बोलणं अडखळणं यात वाट बघायची नाही, १०८ लावा. दहा ज्येष्ठांमागे दोन मदतनीस, आणि ते नाचणाऱ्या मुलांपैकी नकोत.

पडवी (दापोली, वृद्धसेवा)

वृद्धाश्रमाच्या दिवसाबद्दल.

वेळ सकाळी साडेदहाची ठेवा. स्मृतिभ्रंश असलेल्यांची अस्वस्थता दिवस उतरताना वाढते, संध्याकाळी नवे चेहरे आणि मोठा आवाज त्यांना झेपत नाही. त्यांच्यासाठी पंधरा मिनिटंच, पाच-सहा जणांचं कोंडाळं, मागे ढोलकी-स्पीकर नाही. ‘हे काय दाखवलं ओळखा पाहू’ असं विचारू नका. उत्तर आलं नाही की माणूस मिटतो. ‘हा मासा’ असं सांगून करायला घ्या. नरसिंहाचा रौद्र अभिनय अचानक समोर आला तर घाबरतात, तो तिथे वगळा. ओळखीचा अभंग किंवा ओवी मात्र शब्द विसरलेल्यांच्याही ओठांवर येते.

अंथरुणाला खिळलेल्यांकडे दोन मुलांनी जावं, घुंगरू काढून, स्टुलावर त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसून. पाच मिनिटं फक्त हात आणि चेहरा. स्पर्श करण्याआधी विचारायचं. फोटोंची परवानगीही आधी घ्या, स्वतः त्या व्यक्तीची आणि संस्थेचीही.

सगळ्यांना सरसकट ‘आजी’ म्हणू नका. निवृत्त शिक्षिकेला ‘बाई’, गुरुजींना ‘गुरुजी’ म्हटलेलं बरं वाटतं. नावं आदल्या दिवशी मागून घ्या.

कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानातून वरचे, पातळ आवाज आधी जातात. म्हणून ओरडून उपयोग नाही, आवाज थोडा खालचा, सावकाश, तोंड समोर. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना पत्र्याखाली घुंगरांचा आवाज टोचतो. त्यांना स्पीकरपासून लांब पण नाचणाऱ्यांच्या समोर बसवा. खुर्च्या अर्धवर्तुळात दोन रांगा, शेवटची खुर्ची पंधरा फुटांच्या आत. मागे गडद, एकरंगी पडदा लावा, म्हणजे हात उठून दिसतात. फुलाफुलांच्या पडद्यापुढे हस्त हरवतो. खिडकीकडे पाठ करून मुलांना उभं करू नका, चेहरे काळे दिसतात.

आणि एक, जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अर्धा वेळ त्यांना शिकवू द्या. भात लावणं, जाळं फेकणं, जात्यावर दळणं, नारळ खवणं या हालचाली मुलांनी कधी केलेल्या नसतात. आवणी (भाताची लावणी) दाखवा म्हटलं की ऐंशी वर्षांची बाई खुर्चीतल्या खुर्चीत डाव्या हातात रोपांची मूठ धरते आणि उजव्या हाताच्या बोटांनी रोप चिखलात खोचते. अंगठा कसा दाबतो ते बघण्यासारखं असतं.

अर्धमंडली (कुडाळ)

पडवीदादांनी फार नेमकं सांगितलं. याला शास्त्रातच नाव आहे : लोकधर्मी आणि नाट्यधर्मी. आजींनी दाखवलेली आवणी लोकधर्मी. मुलीने तीच डाव्या मुष्टीत आणि खाली वळवलेल्या मुकुलात बसवून चार मात्रांवर केली की ती नाट्यधर्मी. दोन्ही एकापाठोपाठ दाखवा, आधी आजी, मग मुलगी, मग दोघी मिळून. मुलांना एक काम द्या : रोप खोचताना नजर कुठे असते ते टिपा. ‘यतो हस्तस्ततो दृष्टिः’ (जिथे हात तिथे नजर) वर्गात पाठ केलेलं असतं, इथे ते प्रत्यक्ष दिसतं. झिम्मा-फुगडीचे पायही विचारून घ्या, पण बसूनच. उत्साहात दोघी फुगडीला उठल्या तर हळूच बसवा.

सुपारीबाग (रत्नागिरी तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. दशावतार, तिहाई आणि आवणी पक्कं केलं. दोन शंका राहिल्या : ओलसर लादीवर काय करावं, आणि पूर्ण वेशभूषा हवी का?

तत्कार१६ (देवरुख)

दमट हवेत लादीला घाम सुटतो. कोरड्या सुती फडक्याने दर रचनेआधी पुसा, पावडर टाकू नका, ती ओल धरून आणखी निसरडी होते. नुसती सतरंजीही नको, पायाखाली सरकते आणि वळताना गुडघा पिळवटतो. बारा मिलीमीटर जाडीचे आठ बाय चारचे सहा प्लायवूड मागवले तर सोळा बाय बारा फुटांची जागा होते. खाली रबरी चटई, सांध्यांवर कापडी चिकटपट्टी. लादीवर थेट पाय मारण्यापेक्षा मुलांच्या टाचा आणि नडग्याही वाचतात. कथकवाल्यांनी एका पायात शंभर घुंगरू बांधत असतील तर इथे पन्नास बांधावेत.

अर्धमंडली (कुडाळ)

पूर्ण दागिने नकोत, सरावाची साडी पुरे. पण बोटांच्या टोकांना आलता (लाल रंग) जरूर लावा. तो शोभेपुरता नसतो, नजर कमी झालेल्यांना बोटं त्यामुळेच वेगळी दिसतात. दमट हवेत वाळायला वेळ लागतो, अर्धा तास आधी लावा, नाहीतर पायांना लावलेल्या आलत्याची देवळाच्या पांढऱ्या लादीवर पावलं उमटतील.

पडवी (दापोली, वृद्धसेवा)

संघाशी तारखेचं एकदा बोलून घ्या. त्या सुमारास हळवं (लवकर तयार होणारं) भात कापणीला येतं. उघडीप मिळाली तर गावातली धडधाकट मंडळी शेतावर असतात, आणि ज्येष्ठांना घेऊन येणारं घरात कोणी उरत नाही. रिक्षांची सोय तुम्हीच केली तर तीसच्या तीस येतील.